हिवाळ्यात मुलांकडे अमेरिका-कॅनडाला जाताय? सरोवराकाठच्या हिमवादळाची तयारी बार्शीतूनच करा

दिवाळीच्या आसपास बार्शीतल्या दवाखान्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते. "डॉक्टर, मुलाकडे अमेरिकेला चाललोय, सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या." कुणाच्या लेकीचे बाळंतपण असते, कुणाला नातवाला सांभाळायचे असते. गोळ्या लिहिल्या जातात, शेंगाचटणी आणि ज्वारीचे पीठ बॅगेत जाते, दोन स्वेटर आणि एक कानटोपी घेतली की थंडीची तयारी झाली असे वाटते. मुलगा नेमका कोणत्या शहरात राहतो आणि ते शहर कोणत्या पाण्याच्या काठावर आहे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर पाच प्रचंड सरोवरे आहेत: सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ऑन्टारिओ. त्यांच्या काही काठांवर हिवाळ्यात एकाच वादळात माणूसभर उंचीचा बर्फ पडू शकतो. तिथे शिकणारी, नोकरी करणारी मराठी मुले आज आपल्या ओळखीच्या अनेक घरांत आहेत. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे: तिकडे जाणाऱ्या आई-वडिलांसाठी आणि इकडे फोनकडे डोळे लावून बसणाऱ्यांसाठी.

डिसेंबर २०२२ : बफेलोत काय घडले?

बफेलो हे न्यूयॉर्क राज्यातले, ईरी सरोवराच्या पूर्व टोकाचे शहर. बर्फ या शहराला नवा नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराच्या दक्षिणेकडे पाच फुटांहून अधिक बर्फ पडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये जवळच्या ऑर्चर्ड पार्क भागात सुमारे ८० इंच, म्हणजे दोन मीटर बर्फाची नोंद झाली. इतका अनुभव असलेले शहर, बर्फ काढायची यंत्रे, सुसज्ज रुग्णालये. तरीही २३ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेल्या हिमवादळात बफेलो आणि आसपासच्या दोन काउंटींत मिळून ४७ माणसे दगावली.

इशारा मिळाला नव्हता असे नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याने काही दिवस आधीपासून, पिढीतून एकदाच येणारे वादळ येत आहे असे सांगितले होते. पण रस्त्यावर वाहने आणू नयेत हा आदेश २३ तारखेच्या सकाळी निघाला, तेव्हा बरेच जण कामावर गेलेले होते. त्यावर पुढे बरीच टीका झाली. ताशी ११० किलोमीटरहून जोराचे झोत, उडणारा बर्फ आणि काही फुटांपलीकडे काहीच दिसत नाही, अशी अवस्था दीड दिवस टिकली. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्याही बर्फात अडकल्या. फोन लागत होते, पण त्या काळात शहराच्या मोठ्या भागात कुणी पोहोचू शकत नव्हते.

मृत्यू कसे झाले हे पाहिले की डॉक्टर म्हणून मला सर्वांत मोठा धडा दिसतो. काही जण रस्त्यावर सापडले. काही बंद पडलेल्या गाडीत. काही जण स्वतःच्या घरात, वीज आणि हीटर बंद पडल्यामुळे. काहींना बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका आला. आणि काही जण एरवी वाचले असते, पण रुग्णवाहिका वेळेत येऊ शकली नाही. बफेलो शहरातल्या मृतांमध्ये कृष्णवर्णीय नागरिकांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त होते. वादळ सर्वांवर सारखेच आले, पण ज्यांच्या घरात साठा कमी, घर जुने आणि सुट्टी घेण्याची मुभा नाही, त्यांचे नुकसान जास्त झाले. नुकताच तिकडे गेलेला, तळघरात भाड्याने राहणारा, रात्रपाळी करणारा विद्यार्थीही याच गटात मोडतो.

म्हणजे अशा वादळासाठी तयारी करताना गृहीत धरायचे ते एवढेच: दोन ते तीन दिवस मदत येणार नाही. पुढचे सगळे सल्ले या एका वाक्यातून येतात.

सरोवराकाठीच इतका बर्फ का पडतो?

थंडीच्या पहाटे उजनीच्या बॅकवॉटरकडे गेलात तर पाण्यावर वाफ तरंगताना दिसते. पाणी रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असते, म्हणून ही वाफ. हेच चित्र शेकडो पटीने मोठे करा. उन्हाळाभर तापलेले सरोवर नोव्हेंबर-डिसेंबरमध्येही बऱ्यापैकी उबदार असते. त्यावरून उत्तरेची कोरडी, गोठवणारी हवा वाहू लागते. पाण्याचा पृष्ठभाग आणि सुमारे दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात १३ अंश सेल्सिअसचा फरक पडला, की पाण्यावरची वाफ झपाट्याने वर जाते, तिचे ढग बनतात आणि पलीकडच्या काठावर ते बर्फ होऊन कोसळतात. याला तिकडे 'लेक इफेक्ट स्नो' म्हणतात.

ईरी सरोवराची लांबी जवळजवळ चारशे किलोमीटर, म्हणजे साधारण बार्शी ते मुंबई एवढी. वारा या लांबीच्या दिशेने वाहिला तर त्याला वाफ गोळा करायला पूर्ण लांबी मिळते, आणि शेवटी उभे असते बफेलो. डिसेंबर २०२२ मध्ये तर या सरोवरी बर्फाला एका मोठ्या चक्री वादळाच्या वाऱ्याची जोड मिळाली.

या बर्फाचा पट्टा अरुंद असतो. बार्शीत धो-धो पाऊस आणि वैरागला रस्ते कोरडे, असे आपण वळवाच्या पावसात पाहतो, तसेच हे. २०१४ मध्ये शहराच्या दक्षिणेला पाच फूट आणि उत्तरेला काही इंच असा प्रकार झाला. म्हणून "खिडकीतून तर स्वच्छ दिसतंय" यावर विसंबून गाडी काढू नये. दहा-पंधरा किलोमीटरवर परिस्थिती पूर्ण वेगळी असू शकते.

"जग तापतंय म्हणतात, मग बर्फ कमी व्हायला हवा ना?" असा प्रश्न पडेल. सरोवर गोठले की वाफ थांबते आणि हा बर्फही कमी होतो. पण हिवाळे उबदार झाल्याने पाणी जास्त दिवस उघडे राहते. २०२३-२४ च्या हिवाळ्यात या सरोवरांवरचे बर्फाचे आवरण आजवरच्या नोंदींतल्या सर्वांत कमी हिवाळ्यांपैकी होते. अशा उघड्या पाण्यावर अधूनमधून कडक थंड वारा आला, तर वादळाला भरपूर कच्चा माल मिळतो. त्यामुळे हा धोका लवकर संपेल असे समजू नका.

आधी हे विचारा: घर कोणत्या काठावर आहे?

साधारण नियम असा: वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून सरोवराच्या पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या काठांवर बर्फ जास्त पडतो.

- बफेलो, ईरी, क्लीव्हलँडचा पूर्व भाग, सिरॅक्यूज, मिशिगन राज्याचा पश्चिम काठ, कॅनडातील बॅरी आणि लंडन या भागांत सरोवरी बर्फाचा धोका जास्त.
- शिकागो, मिलवॉकी आणि टोरांटो शहरात हा प्रकार तुलनेने कमी. पण नेहमीची हिमवादळे आणि कडाक्याची थंडी तिथेही असते. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोचे तापमान उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते.

मुलाला आणखी तीन गोष्टी विचारा. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का? वीज गेली तर घर गरम ठेवायची काय सोय आहे? जवळचे रुग्णालय किती दूर आहे?

शरीरावर काय परिणाम होतो?

हृदय. थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्यात फावड्याने ओला, जड बर्फ उपसायचा म्हणजे हातांवर ताण, श्वास रोखून धरणे आणि छातीत थंड हवा. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९८१ ते २०१४ या काळातल्या नोंदींचा अभ्यास झाला. मोठ्या हिमवर्षावाच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणे आणि मृत्यू, दोन्ही वाढलेले आढळले. स्त्रियांत असा स्पष्ट संबंध दिसला नाही.

आपल्याकडच्या वडील मंडळींना रिकामे बसवत नाही. "मुलगा कामावर गेलाय, तेवढा बर्फ काढून टाकू" असे वाटते. ज्यांना रक्तदाब, मधुमेह, पूर्वीची अँजिओप्लास्टी किंवा बायपास आहे, त्यांनी फावड्याला हातही लावू नये. हा सल्ला मुलांनाही सांगून ठेवा, म्हणजे तेच तुम्हाला अडवतील.

हायपोथर्मिया. शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की याला हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला हुडहुडी भरते, हातातल्या वस्तू पडतात, बोलणे अडखळते. पुढे झोप येते, माणूस गोंधळतो आणि हुडहुडी थांबते. हुडहुडी थांबली म्हणजे बरे वाटले असा अर्थ काढू नका. ते गंभीर लक्षण आहे. वयस्कर लोक, थायरॉइड कमी असलेले, मधुमेही आणि झोपेची गोळी घेणारे यांना धोका अधिक. तान्ह्या बाळांत हुडहुडी दिसतेच असे नाही. बाळ सुस्त, थंड आणि लालसर दिसते. असे झाल्यास ओले कपडे काढा, कोरड्या पांघरुणात गुंडाळा, आधी छाती, मान आणि डोके उबदार करा आणि मदत मागवा. शुद्धीत असेल तर कोमट गोड पेय द्या. दारू देऊ नका. तिने ऊब वाटते, पण शरीराची उष्णता उलट बाहेर जाते.

हिमदंश. बोटे, नाक, कान, गाल गोठू लागतात. आधी झिणझिण्या, मग बधिरपणा, मग त्वचा मेणासारखी आणि कडक. आपल्या सावळ्या त्वचेवर रंगातला बदल पटकन दिसत नाही, म्हणून बधिरपणा हीच खूण माना. उणे १८ अंशांत ताशी २४ किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना तर हे कळतही नाही. त्यांनी बाहेरून आल्यावर रोज पाय डोळ्यांनी तपासावेत. गोठलेला भाग चोळू नका, बर्फाने घासू नका, हीटरसमोर धरू नका. सोसवेल अशा कोमट पाण्यात ठेवा. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या, चांगल्या हाताने तपासा.

कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. वीज गेल्यावर लोक घरात किंवा गॅरेजमध्ये जनरेटर लावतात, कोळशाची शेगडी आत आणतात. हीटरचा धूर बाहेर सोडणारा पाइप बर्फाने बुजतो. ऑक्टोबर २००६ मध्ये बफेलोत अवेळी बर्फ पडून लाखो घरांची वीज गेली, तेव्हा या वायूची बाधा अनेकांना झाली. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी तसे होणे, ही खूण लक्षात ठेवा. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आला आहे, पण या विषबाधेत बोटावरचा ऑक्सिमीटर फसवा, नॉर्मल आकडा दाखवू शकतो. त्यावर विसंबू नका. दारे उघडून ताबडतोब मोकळ्या हवेत या आणि मदत मागवा. जनरेटर घरापासून किमान सहा मीटर दूर, उघड्यावरच हवा.

घसरून पडणे. डांबरी रस्त्यावरचा पातळ, न दिसणारा बर्फ सर्वांत वाईट. साठीनंतर, विशेषतः स्त्रियांत, एका घसरण्यात मनगट किंवा खुब्याचे हाड मोडते. छोटी पावले टाका, किंचित पुढे झुका, हात खिशातून बाहेर ठेवा. चपला आणि साधे स्पोर्ट शूज चालणार नाहीत. तिथे गेल्यावर खाच असलेल्या तळाचे बूट घ्या.

औषधांची तयारी: जाण्यापूर्वी महिनाभर आधी

१. सहा महिन्यांच्या औषधांवर आणखी दोन आठवड्यांचा साठा घ्या. भारतातली चिठ्ठी तिकडच्या औषध दुकानात सहसा चालत नाही, त्यामुळे ऐनवेळी गोळी मिळत नाही.

२. चिठ्ठी इंग्रजीत, ब्रँडसोबत औषधाचे मूळ नाव लिहिलेली हवी. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, सुट्या डबीत नको.

३. सर्व महत्त्वाची औषधे विमानात जवळच्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन तर नक्कीच. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरू नये. ते गाडीत किंवा दाराबाहेर पार्सलमध्ये राहू देऊ नका.

४. दम्याचा पंप थंडीत कमी औषध सोडतो. बाहेर जाताना तो स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा.

५. रक्तदाब मोजण्याचे यंत्र सोबत न्या. थंडीत दाब वाढू शकतो, गोळीचा डोस स्वतः बदलू नका, आकडे लिहून डॉक्टरांना कळवा.

६. फ्लूची लस जाण्यापूर्वी किमान दोन आठवडे घ्या. न्यूमोनियाची लस तुम्हाला हवी का, हे डॉक्टरांना विचारा.

७. प्रवास विमा घेताना आधीपासून असलेल्या आजारांबद्दल काय लिहिले आहे ते वाचा. आजार लपवून घेतलेला विमा ऐनवेळी उपयोगी पडत नाही.

डायलिसिसवर असलेल्या रुग्णांनी हिवाळ्यात असा प्रवास शक्यतो टाळावा. जे तिथेच राहतात त्यांनी वादळाचा इशारा येताच केंद्राला फोन करून डायलिसिस आधी करून घेता येईल का ते विचारावे, आणि चुकलीच पाळी तर पाणी, मीठ व पोटॅशियम किती कमी करायचे हे लिहून घ्यावे.

वादळ आल्यावर

- इशारा आल्याच दिवशी तीन दिवसांचे पाणी, न शिजवता खाता येईल असे खाणे, बाळाचे दूध, टॉर्च आणि चार्ज केलेली पॉवर बँक तयार ठेवा. आपल्या बॅगेतला लाडू-चिवडा इथे खरोखर कामाला येतो.
- वीज गेली तर सगळे एकाच खोलीत या, दाराखालच्या फटी टॉवेलने बुजवा, एकावर एक पातळ कपडे घाला.
- हीटरचा आणि गाडीचा धूर सोडणारा पाइप बर्फाने बुजला नाही ना, हे घरातल्या तरुण माणसाने पाहावे.
- गाडीत अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. तासातून साधारण दहा मिनिटेच इंजिन चालू ठेवा, त्याआधी मागचा पाइप मोकळा करा आणि खिडकी किंचित उघडी ठेवा.
- छातीत दाब, घाम, धाप किंवा तोंड वाकडे होणे दिसले तर रस्ते बंद असले तरी ९११ ला फोन करा. गाडी येईपर्यंत काय करायचे ते फोनवर सांगतात. भाषा अडली तर "मराठी" किंवा "हिंदी" म्हणा, बहुतेक ठिकाणी दुभाष्या जोडून देतात. घराचा पत्ता इंग्रजीत लिहून फ्रिजवर चिकटवा. सून आणि मुलगा दोघेही बाहेर अडकले असतील, तेव्हा तोच कागद उपयोगी येईल.

बार्शीत फोनची वाट पाहणाऱ्यांसाठी

हिवाळ्यात बफेलो किंवा टोरांटो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची रात्रीचे आठ. टीव्हीवर बर्फाची दृश्ये दिसतात, फोन लागत नाही, आणि इकडे आई-वडिलांचा रक्तदाब चढतो. हेही आम्ही दवाखान्यात पाहतो.

वादळाआधीच ठरवून घ्या: दिवसातून दोन ठरलेल्या वेळी मुलाने फक्त "ठीक आहे" एवढा मेसेज करायचा. वीज नसताना वारंवार फोन करून त्याची बॅटरी संपवू नका. त्याच्या घरमालकाचा, खोलीतल्या मित्राचा किंवा शेजाऱ्याचा नंबर आजच वहीत लिहून ठेवा. बराच काळ संपर्क नसेल, तर तिथल्या स्थानिक पोलिसांना घरी जाऊन चौकशी करायची विनंती करता येते. रस्ते बंद असताना तेही उशिरा पोहोचतात, हे मात्र ध्यानात ठेवा. आणि या काळात तुमची स्वतःची गोळी चुकवू नका.

बर्फ नसला तरी

बार्शीत बर्फ पडत नाही. पण डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे, किंवा खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर लावणे, यातून निघतो तोच कार्बन मोनॉक्साइड. भल्या पहाटे थंडीत फिरायला गेलेल्या हृदयरोग्याच्या रक्तवाहिन्याही तशाच आकसतात. शेगडी बाहेर ठेवा, गिझर न्हाणीघराबाहेर बसवा, आणि हृदयरोग असेल तर ऊन पडल्यावर फिरायला जा.

तिकडे जाण्याचे तिकीट काढले असेल, तर पुढच्या तपासणीला येताना दोन गोष्टी घेऊन या: चालू औषधांची पूर्ण यादी आणि मुलाच्या घराचा पत्ता. तिथला हिवाळा कसा आहे ते पाहून कोणती औषधे, किती आणि कशी न्यायची, हे डॉक्टरांसोबत बसून ठरवा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजारानुसार सल्ला तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.*